काटकसरीचे अर्थशास्त्र : वर्षाचा हिशेब आणि महिन्याची चूल

दरवर्षी १ फेब्रुवारीस केंद्रीय अर्थसंकल्प संसदेत सादर होतो आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी महसुली तूट, राजकोषीय तूट, भांडवली खर्च या संज्ञांचा नव्याने अभ्यास सुरू करतात. तथापि, देशातील कोट्यवधी कुटुंबेही आपापला वार्षिक अर्थसंकल्प चालवीत असतात, याकडे पाठ्यपुस्तकांचे लक्ष फारसे जात नाही. हा अर्थसंकल्प कागदावर नसतो. त्यात तूट आली तर कर्जरोखे काढता येत नाहीत. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हा या अर्थसंकल्पाचा परंपरागत नियम होय. परंतु या म्हणीत एक गृहीतक दडलेले आहे. अंथरुणाची लांबी वर्षभर सारखीच राहील, असे ती म्हण मानते. ज्या घरात मासिक वेतन येत नाही, त्या घरात अंथरुणाची लांबी दर महिन्याला बदलते. अल्प उत्पन्न ही अशा कुटुंबाची एक अडचण असते. उत्पन्नाची वेळ आणि खर्चाची वेळ जुळत नाही ही तितकीच मोठी, पण सरासरीच्या आकड्यांत न दिसणारी दुसरी अडचण असते. या दुसऱ्या अडचणीचे स्वरूप लखनौ शहरातील चिकन भरतकाम करणाऱ्या कुटुंबांच्या संदर्भात समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कुटुंब-अंदाजपत्रकांच्या अभ्यासाची परंपरा

कुटुंबाच्या जमाखर्चाचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात सुरू झाला. फ्रेंच अभ्यासक फ्रेडरिक ल प्ले यांनी १८५५ मध्ये युरोपातील कामगार कुटुंबांची तपशीलवार अंदाजपत्रके प्रसिद्ध केली. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंजेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कुटुंबांच्या आकडेवारीवरून एक निष्कर्ष मांडला. उत्पन्न जसजसे वाढते तसतसे एकूण खर्चातील अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा तो निष्कर्ष 'एंजेलचा नियम' म्हणून ओळखला जातो. येथे अन्नावरील खर्चाचे 'प्रमाण' घटते, खर्चाची 'रक्कम' घटते असे नव्हे, हा भेद परीक्षार्थींनी कटाक्षाने लक्षात ठेवावा.

भारतातही ही परंपरा लवकर रुजली. मुंबईच्या कामगार कार्यालयाने गिरणगावातील श्रमिकांच्या अंदाजपत्रकांची पाहणी करून १९२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. लखनौ विद्यापीठात १९२१ मध्ये राधाकमल मुखर्जी रुजू झाले. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकविले पाहिजे, त्यासाठी विद्यार्थ्यांनी गावात आणि वस्तीत गेले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपल्या सुप्रसिद्ध अभ्यासात दरडोई २,२५० उष्मांकांचा निकष घेऊन दारिद्र्यरेषा मांडली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरी भागात २२.५० रुपये होती. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साठी या रेषा अनुक्रमे ८१६ आणि १,००० रुपये होत्या, तर रंगराजन समितीने २०१४ च्या अहवालात त्याच वर्षासाठी ९७२ आणि १,४०७ रुपये सुचविले. या सर्व रेषांमध्ये एक साम्य आहे. त्या एका सरासरी महिन्याच्या रेषा आहेत. प्रत्यक्षात असा सरासरी महिना गरीब कुटुंबाच्या वाट्याला क्वचितच येतो.

लखनौचे चित्र

लखनौची चिकनकारी जगप्रसिद्ध आहे. तिला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत लखनौसाठी चिकनकारी आणि जरी-जरदोजी यांची निवड झाली. या व्यवसायाची रचना पाहण्यासारखी आहे. कापड बेतले जाते, लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापली जाते, मग ते भरतकामासाठी जुन्या लखनौमधील मोहल्ल्यांत तसेच काकोरी, मलिहाबाद यांसारख्या भोवतालच्या भागात घरोघरी पोचते. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली अशा टाक्यांचे हे काम मुख्यत्वे स्त्रिया घरी बसून करतात. नंतर छपाईचा रंग जाईपर्यंत कपडे धुतले जातात आणि अखेरीस ते दुकानात येतात. दुकानदार आणि कारागीर स्त्री यांच्यामध्ये बहुधा एक किंवा अधिक मध्यस्थ असतात. मजुरी नगावर ठरते. काम पूर्ण होऊन तपासले गेल्यावर ती हाती पडते.

या रचनेचे तीन आर्थिक परिणाम होतात. पहिला, उत्पन्न अल्प असते. दुसरा, ते अनियमित असते. चिकनचे कपडे मुख्यतः उन्हाळ्यात वापरले जातात, त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी काम भरपूर आणि पावसाळ्यात मंदी असते. ईदच्या मागणीचा काळ तर चांद्र कालगणनेमुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकत जातो. तिसरा परिणाम असा की उत्पन्न अनिश्चित असते. काम कधी मिळेल आणि पैसे कधी मिळतील, हे कारागीर स्त्रीच्या हाती नसते. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतील गरीब कुटुंबांच्या जमाखर्चाच्या वर्षभराच्या नोंदींचा अभ्यास आहे. अल्प उत्पन्न, त्याची अनियमितता व अनिश्चितता आणि योग्य वित्तीय साधनांचा अभाव अशा तिहेरी अडचणीला गरीब कुटुंबे तोंड देतात, हे त्या ग्रंथाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

एक नमुना अंदाजपत्रक

ही गोष्ट आकड्यांनी स्पष्ट करण्यासाठी एक नमुना कुटुंब कल्पू या. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, ते कोणत्याही पाहणीचे निष्कर्ष नाहीत. जुन्या लखनौत भाड्याच्या खोलीत राहणारे हे पाच जणांचे कुटुंब आहे. पती इमारतींना रंग देण्याचे काम करतो, पत्नी चिकनचे भरतकाम करते, दोन मुले शाळेत जातात आणि वृद्ध सासूबाई घरी असतात. वर्षाचे एकूण उत्पन्न १,८०,००० रुपये आहे.

वर्षाचा खर्च असा आहे : अन्न ८४,००० रुपये, घरभाडे ३६,०००, इंधन व वीज १५,०००, शिक्षण १२,०००, प्रवास व दूरध्वनी ११,०००, औषधोपचार ९,०००, कपडे व सणवार ९,०००. एकूण १,७६,००० रुपये. म्हणजे वर्षाअखेर ४,००० रुपयांची शिल्लक.

दरडोई मासिक खर्च सुमारे २,९३३ रुपये होतो. घरगुती उपभोग खर्च पाहणी २०२३-२४ नुसार शहरी भारतातील सरासरी दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये आणि उत्तर प्रदेशाच्या शहरी भागातील ५,३९५ रुपये होता. शहरी लोकसंख्येच्या तळाच्या ५ टक्के गटात तो २,३७६ रुपये होता. आपले नमुना कुटुंब या तळाच्या गटाच्या थोडेसे वर आहे. त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा जवळजवळ ४८ टक्के आहे, तर शहरी भारतात हा सरासरी वाटा ३९.६८ टक्के होता. एंजेलचा नियम येथे स्पष्ट दिसतो.

वार्षिक हिशेबानुसार हे कुटुंब काटकसरी आणि स्वयंपूर्ण आहे. आता हाच हिशेब तिमाहीनुसार मांडू.

जुलै ते सप्टेंबर : उत्पन्न ३०,०००, खर्च ४४,०००, तूट १४,००० रुपये.
ऑक्टोबर ते डिसेंबर : उत्पन्न ४८,०००, खर्च ४४,०००, शिल्लक ४,००० रुपये.
जानेवारी ते मार्च : उत्पन्न ५४,०००, खर्च ४२,०००, शिल्लक १२,००० रुपये.
एप्रिल ते जून : उत्पन्न ४८,०००, खर्च ४६,०००, शिल्लक २,००० रुपये.

पावसाळ्यात रंगकाम थांबते, भरतकामही कमी होते आणि आजारपण वाढते. समजा, जुलैच्या आरंभी घरात काहीच शिल्लक नाही. मग पहिल्या तिमाहीची १४,००० रुपयांची तूट कर्जाने भरून काढावी लागेल. हे कर्ज खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा पाच दराने घेतले आणि तिमाहीच्या आरंभीच्या बाकीवर व्याज धरले, तर ऑक्टोबर ते डिसेंबरचे व्याज २,१०० रुपये होते. शिलकीच्या ४,००० रुपयांतून व्याज वजा जाता मुद्दल केवळ १,९०० रुपयांनी घटते आणि १२,१०० रुपये बाकी राहते. जानेवारी ते मार्चमध्ये १,८१५ रुपये व्याज जाते आणि बाकी १,९१५ रुपयांवर येते. एप्रिल ते जूनमध्ये सुमारे २८७ रुपये व्याज जाते. जूनअखेर सुमारे २०० रुपयांचे कर्ज शिल्लक उरते.

म्हणजे वार्षिक ताळेबंदात ४,००० रुपये शिल्लक दाखविणारे कुटुंब वर्षभरात सुमारे ४,२०० रुपये व्याज भरून कर्जातच राहते आणि पुढचा पावसाळा पुन्हा रिकाम्या हाताने सुरू होतो. हेच कर्ज त्यांना दरमहा शेकडा एक दराने मिळाले असते तर? त्याच पद्धतीने हिशेब केल्यास मार्चपर्यंत ते पूर्ण फिटते, एकूण व्याज सुमारे ७३० रुपये होते आणि वर्षाअखेर सुमारे ३,२७० रुपये हाती राहतात. दोन्ही उदाहरणांत उत्पन्न तेच आहे, खर्च तोच आहे, काटकसरही तीच आहे. फरक केवळ तीन महिन्यांची दरी ओलांडण्याच्या साधनाचा आहे.

शासनाची सोय आणि कुटुंबाची गैरसोय

शासनालाही हीच अडचण येते. कराचा महसूल वर्षभर समान प्रमाणात येत नाही, वेतन आणि निवृत्तिवेतन मात्र दरमहा द्यावेच लागते. त्यासाठी शासनाकडे ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची कोषागार विपत्रे आहेत, तसेच रिझर्व्ह बँकेकडून 'अर्थोपाय अग्रिम' घेण्याची सोय १९९७ पासून आहे. ही अग्रिमे तूट भरून काढण्याचे कायमचे साधन नव्हेत. जमा आणि खर्च यांच्या वेळेतील अंतर सांधणे एवढाच त्यांचा हेतू असतो. नमुना कुटुंबाला नेमक्या याच गोष्टीची गरज आहे.

अर्थशास्त्रीय सिद्धांताच्या भाषेत याला उपभोगाचे सुरळीतीकरण म्हणतात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या स्थायी उत्पन्न सिद्धांतानुसार कुटुंब आपला खर्च चालू महिन्याच्या उत्पन्नावर नव्हे, तर दीर्घकालीन अपेक्षित उत्पन्नावर ठरविते. परंतु त्यासाठी मंदीच्या काळात वाजवी दराने कर्ज मिळणे किंवा आधीची बचत हाती असणे आवश्यक असते. यांपैकी काहीच नसेल, तर त्या स्थितीस तरलतेची मर्यादा म्हणतात. अशा वेळी कुटुंब अनेकदा मध्यस्थाकडून आगाऊ रक्कम घेते. तिच्यावर व्याज आकारले जात नसले तरी पुढील काम त्याच मध्यस्थाला, त्याने ठरविलेल्या दराने द्यावे लागते. व्याज मजुरीतूनच वसूल होते. पतबाजार आणि श्रमबाजार असे परस्परांत गुंतलेले असतात. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची 'उचल' हे याच गुंतवणुकीचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय.

काटकसरीचे दोन प्रकार

तरलतेची मर्यादा असलेल्या कुटुंबाच्या हाती शेवटी खर्चात कपात करण्याचाच मार्ग राहतो. मात्र काटकसर एकाच प्रकारची नसते. तांदूळ, बटाटे, वाटाणे आणि हंगामी भाज्या घालून एकाच भांड्यात शिजविलेली तहरी हा अवध प्रांतातील पोटभरीचा पदार्थ आहे. तीत इंधन वाचते, वेळ वाचतो आणि पोषणही टिकते. हंगामात डाळ एकत्र भरून ठेवणे, मोठ्या भावंडाची पुस्तके धाकट्याने वापरणे, जवळचे अंतर पायी जाणे ही सर्व विवेकी काटकसर होय. तीत आजचा खर्च कमी होतो आणि उद्याची क्षमता अबाधित राहते.

दुसरा प्रकार विवशतेच्या काटकसरीचा. दूध बंद करणे, डाळ पातळ करणे, औषधाचा क्रम अर्धवट सोडणे, मुलीला शाळेतून काढून कामास बसविणे यामुळेही या महिन्याचा खर्च घटतो, पण त्याची किंमत पुढील अनेक वर्षे चुकवावी लागते. बारीक टाके घालणाऱ्या स्त्रीने चष्मा घेणे लांबणीवर टाकले तर तिच्या कामाचा वेग मंदावतो आणि नगावर मिळणारी मजुरी घटते. हिशेबाच्या वहीत ही बचत वाटते, वस्तुतः तो भांडवलाचा ऱ्हास असतो. कुटुंबात ही झीज कोणाच्या वाट्याला येते, हाही प्रश्न आहे. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटातील कपात कोणत्याही खर्च पाहणीत स्वतंत्रपणे दिसत नाही, कारण पाहणीचे एकक कुटुंब असते.

याशिवाय गरिबीचा अधिभारही असतो. रोजच्या मिळकतीवर चालणारे घर तेल छोट्या पुडीत आणि चहा पाच-दहा रुपयांच्या पाकिटात घेते. एकत्र खरेदी स्वस्त पडते, हे गृहिणीला चांगले ठाऊक असते. त्या दिवशी हाती तेवढी रक्कम नसते, हे खरे कारण आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी द्यावे लागतात, म्हणून पावसाळ्यात पुन्हा लाकूडफाट्याकडे वळणारी घरे आढळतात. ५ किलोचा सिलिंडर या दृष्टीने उपयुक्त ठरतो. अशा कुटुंबांना केवळ आर्थिक साक्षरतेचे धडे देणे अपुरे आहे, ते यावरून ध्यानात येईल.

मोजमापाचा प्रश्न

वर्ष आणि महिना यांतील हा फरक संख्याशास्त्रातही महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत खर्च विचारताना किती दिवसांचा विचारायचा, याला स्मरण कालावधी म्हणतात. एकसमान पद्धतीत सर्व वस्तूंसाठी ३० दिवस धरले जात. मिश्र पद्धतीत कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयीन उपचार व टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस धरले गेले. सुधारित मिश्र पद्धतीत भाजी, फळे, अंडी, मांस, खाद्यतेल अशा वस्तूंसाठी ७ दिवस, वरील क्वचित होणाऱ्या खर्चांसाठी ३६५ दिवस आणि उर्वरित वस्तूंसाठी ३० दिवस धरले जातात. १९९९-२००० च्या पाहणीत कालावधी बदलल्यामुळे दारिद्र्याच्या आकड्यांची तुलना वादग्रस्त ठरली होती.

२०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत. त्यानंतर २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठ दोन पाहण्या झाल्या. त्यांत प्रत्येक कुटुंबास एकाऐवजी तीन भेटी देण्यात आल्या. त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते. खर्चाच्या बाजूची माहिती अशी सुधारत असली, तरी कुटुंबाचे उत्पन्न कोणत्या महिन्यात किती आले, हे या पाहण्या सांगत नाहीत.

उपाययोजनांची दिशा

उपायांचा विचार करताना रकमेइतकेच वेळेला महत्त्व द्यावे लागेल. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांच्या कुटुंबास दरमहा २५ किलो. २०११-१२ च्या पाहणीनुसार शहरी भागातील दरडोई मासिक तृणधान्य सेवन सुमारे ९.३ किलो होते. त्या हिशेबाने ही मदत गरजेच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. परंतु तिचे खरे मोल तिच्या नियमिततेत आहे. उत्पन्न आटलेल्या महिन्यातही ती तेवढीच मिळते.

शालेय गणवेश, दप्तर व पादत्राणे यांसाठी उत्तर प्रदेशात परिषदीय शाळांतील मुलांच्या पालकांच्या बँक खात्यात २०२१ पासून थेट रक्कम जमा केली जाते. अशी कोणतीही रक्कम खर्चाच्या आधी पोचली तर ती कर्ज टाळते, नंतर पोचली तर ती केवळ कर्ज फेडते. आमच्या नमुना कुटुंबाच्या हिशेबात या दोहोंतील अंतर दरमहा शेकडा पाच आहे.

आरोग्य हा अंदाजपत्रक उधळणारा सर्वांत मोठा अनिश्चित खर्च होय. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. तथापि, बाह्यरुग्ण उपचार आणि रोजची औषधे यांचा भार कुटुंबावरच राहतो. पावसाळ्यातील ताप बहुधा याच गटात मोडतो.

बचत आणि पत यांच्या बाबतीत लोकांनी स्वतःच काही मार्ग शोधले आहेत. उत्तर भारतातील 'कमेटी' आणि महाराष्ट्रातील 'भिशी' ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत. मात्र भिशीत क्रम चिठ्ठीने लागतो, गरजेने नव्हे. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या स्वयंसहाय्यता गट-बँक जोडणी कार्यक्रमाने गरजेनुसार कर्ज मिळण्याचा मार्ग उपलब्ध केला. त्यातील कर्जफेडीचे हप्ते समान मासिक न ठेवता हंगामानुसार ठेवणे चिकन कारागिरांसारख्या गटांना अधिक उपयुक्त ठरेल. मजुरीच्या बाजूने पाहता, १९८४ मध्ये लखनौत स्थापन झालेल्या 'सेवा लखनौ' या संस्थेने मध्यस्थ टाळून स्त्री-कारागिरांना थेट बाजाराशी जोडण्याचा प्रयत्न केला. घरबसल्या काम करणाऱ्या श्रमिकांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये संमत झाला. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. काम दिल्याची लेखी नोंद आणि ठरलेल्या दिवशी मजुरी या दोन साध्या गोष्टींनीही या घरांच्या अंदाजपत्रकातील अनिश्चितता बरीच कमी होईल.

समारोप

काटकसर हा गरीब कुटुंबाचा सद्गुण आहे यात शंका नाही. नमुना कुटुंबाने वर्षभरात ४,००० रुपये वाचविले, हे सामान्य कर्तृत्व नव्हे. परंतु त्या बचतीचे फळ कुटुंबाच्या हाती राहील की सावकाराच्या, हे काटकसरीवर अवलंबून नाही. ते मजुरीचा दर, ती मिळण्याची वेळ आणि पतव्यवस्था यांवर ठरते. दारिद्र्य, कल्याणकारी योजना किंवा वित्तीय समावेशन यांवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी 'किती' या प्रश्नाबरोबर 'केव्हा' हा प्रश्नही विचारावा. एखाद्या योजनेची तरतूद किती कोटींची आहे हे सांगणे आवश्यकच आहे. तिची रक्कम जुलैत हाती येते की डिसेंबरात, यावर मात्र चिकनचा कुर्ता भरणाऱ्या घरातील ताटात पावसाळ्यात डाळ घट्ट राहते की पातळ होते, हे अवलंबून असते.